विनिफ्रेड होल्टबी : दोन निष्ठांची लेखिका

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशर परगण्याचे प्राचीन काळापासून तीन विभाग मानले जात : उत्तर, पूर्व आणि पश्चिम. ह्या विभागांना ‘रायडिंग’ असे म्हणत, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘तिसरा हिस्सा’ असा आहे. तेव्हा दक्षिणेच्या वाट्याला रायडिंग उरलेच नव्हते. परंतु 1936 च्या मार्च महिन्यात ‘साउथ रायडिंग’ ह्या नावाची एक कादंबरी प्रसिद्ध झाली आणि नकाशावर नसलेला हा प्रांत इंग्रजी वाचकांच्या मनात कायमचा वसला. तेथील शाळा, रस्ते, इस्पितळे, शेतवाड्या, समुद्राकाठची गरिबांची वस्ती आणि ह्या सर्वांचा कारभार पाहणारी स्थानिक कौन्सिल हे सारे वाचकांस एखाद्या ओळखीच्या गावाइतके जवळचे वाटू लागले. ज्या स्त्रीने हा प्रांत निर्माण केला ती मात्र आपल्या ग्रंथाचे हे स्वागत पाहण्यास हयात नव्हती. 29 सप्टेंबर 1935 रोजी, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, तिचे लंडन येथे निधन झाले होते. तिचे नाव विनिफ्रेड होल्टबी.

आज हे नाव मुख्यतः त्या एका कादंबरीसाठी घेतले जाते. परंतु तिच्या हयातीत लोक तिला ओळखत होते ते प्रामुख्याने पत्रकार म्हणून. दर आठवड्याला निरनिराळ्या पत्रांतून तिचे लेख, परीक्षणे व टिपणे प्रसिद्ध होत. स्त्रियांचे वेतन, जिनेव्हातील राष्ट्रसंघ, आफ्रिकेतील वर्णभेद, नवी पुस्तके, घरातील कामाची विभागणी असा कोणताही विषय तिला वर्ज्य नव्हता. ह्या दोन व्यवसायांपैकी आपला खरा व्यवसाय कोणता, आपण समाजसुधारक आहोत की ललितलेखिका, हा प्रश्न तिला जन्मभर पडलेला होता आणि मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांतून तिने तो अनेक वेळा बोलून दाखविला. पुष्कळ आयुष्य हाती असलेल्या माणसाला असला प्रश्न लांबणीवर टाकता येतो. विनिफ्रेडला ती सवलत मिळाली नाही. तिच्या चरित्राकडे पाहावयाचे ते म्हणूनच ह्या दोन निष्ठांच्या ओढाताणीच्या अनुरोधाने.

विनिफ्रेडचा जन्म 23 जून 1898 रोजी यॉर्कशरच्या पूर्व रायडिंगमधील रडस्टन ह्या खेड्यात झाला. खडूच्या पांढऱ्या टेकड्यांच्या प्रदेशातले हे गाव. तेथील चर्चच्या आवारात सात मीटरांहून अधिक उंचीची एक प्रागैतिहासिक शिळा उभी आहे आणि ब्रिटनमधील उभ्या शिळांत ती सर्वांत उंच गणली जाते. विनिफ्रेडचे वडील डेव्हिड होल्टबी हे मोठे शेतकरी होते. स्वभावाने ते शांत आणि मितभाषी. आई ॲलिस ह्या मात्र विलक्षण कर्तबगार. घरचा कारभार, शेतावरच्या गडीमाणसांची दुखणीबाणी, गावातील अडल्यानडल्यांची विचारपूस हे सर्व त्या एकहाती सांभाळीत. पुढे 1923 साली त्या पूर्व रायडिंगच्या काउंटी कौन्सिलवर निवडून आल्या आणि त्या कौन्सिलच्या पहिल्या स्त्री आल्डरमन होण्याचा मानही त्यांना लाभला. आल्डरमन म्हणजे कौन्सिलच्या सभासदांनी निवडून घेतलेला ज्येष्ठ सभासद. मुलीच्या ठिकाणी असलेला वाङ्मयाचा अंकुर पहिल्याने ओळखला तोही ह्या आईनेच. विनिफ्रेड तेरा वर्षांची असताना, 1911 साली, तिच्या बालवयातील कवितांचे एक लहानसे पुस्तक होल्टबीबाईंनी तिच्या नकळत छापवून घेतले. त्या कवितांचे मोल फारसे नव्हते, परंतु आपले लेखन छापले जाते आणि ते अनोळखी माणसे वाचतात ही जाणीव त्या मुलीला फार लवकर झाली.

तिचे शालेय शिक्षण स्कारबरो ह्या समुद्रकाठच्या शहरी, क्वीन मार्गारेट्स ह्या शाळेत झाले. 16 डिसेंबर 1914 रोजी सकाळी जर्मन युद्धनौकांनी ह्या शहरावर अकस्मात तोफांचा भडिमार केला. शाळेतील मुली न्याहारीस बसल्या होत्या, त्यांना तशाच शहराबाहेर पायी नेण्यात आले. सोळा वर्षांच्या विनिफ्रेडने ह्या प्रसंगाचे जे वर्णन लिहिले ते वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले. तिच्या पत्रकारितेचा आरंभ येथूनच धरावयास हरकत नाही. 1917 मध्ये ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाली, परंतु बरोबरीचे तरुण रणांगणावर मरत असताना आपण ग्रंथालयात बसावे हे तिच्या मनास पटेना. 1918 साली अभ्यास अर्धवट टाकून ती स्त्रियांच्या साहाय्यक सेनादलात शिरली आणि फ्रान्समध्ये ॲबव्हिलजवळच्या छावणीत तिने काम केले. युद्ध संपल्यावर 1919 मध्ये ती पुन्हा ऑक्सफर्डला परतली.

ह्याच सुमारास सॉमरव्हिलमध्ये आणखी एक विद्यार्थिनी परतली होती. व्हेरा ब्रिटन हे तिचे नाव. महायुद्धाने व्हेराचा वाग्दत्त वर, तिचा एकुलता एक भाऊ आणि दोन जिवलग मित्र असे चौघेही हिरावून नेले होते. स्वतः तिने युद्धकाळात जखमी सैनिकांची शुश्रूषा केली होती. इतिहासाच्या अभ्यासासाठी दोघींना एकच शिक्षक नेमून दिलेला होता. आरंभी त्यांचे मुळीच जमले नाही. विनिफ्रेड उंच, सोनेरी केसांची, हसतमुख व मोकळ्या मनाची, तर व्हेरा लहानखुरी, अबोल, दुःखाने कडवट झालेली. कॉलेजच्या एका वादविवादसभेत विनिफ्रेडच्या भाषणामुळे आपला पाणउतारा झाला असे व्हेराला वाटले आणि तेढ अधिकच वाढली. पुढे व्हेरा आजारी असता विनिफ्रेड आपण होऊन तिच्या समाचारास गेली आणि तेथून जी मैत्री जडली ती मृत्यूनेच खंडित केली. स्त्रियांना पदवी देण्याचा निर्णय ऑक्सफर्डने 1920 साली घेतला. त्यामुळे 1921 मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडणाऱ्या ह्या दोघी पदवीधर होऊनच लंडनला आल्या. लेखनावर आपला निर्वाह करावयाचा असा त्यांचा निश्चय होता.

दरम्यान रडस्टनचे घर मोडले होते. युद्धानंतर शेतमजुरांनी वेतनवाढीसाठी चळवळ सुरू केली. जुन्या पद्धतीने, मायेने पण आपल्या शब्दाखाली गडीमाणसे वागविणाऱ्या डेव्हिड होल्टबींना तो बदल सोसला नाही आणि त्यांनी 1919 साली शेती सोडून दिली. हा घाव विनिफ्रेडच्या जिव्हारी लागला. मजुरांची मागणी न्याय्य आहे हे तिची बुद्धी सांगत होती, आणि वडिलांचे दुःखही खोटे नव्हते. 1923 साली प्रसिद्ध झालेल्या ‘अँडर्बी वोल्ड’ ह्या तिच्या पहिल्या कादंबरीचे बीज ह्याच अनुभवात आहे. त्यातील मेरी रॉब्सन ही शेतकरीण गावाचा संसार आपल्या खांद्यावर घेऊन चालविते, आणि त्या गावात मजूरसंघटनेचा संदेश घेऊन एक तरुण समाजवादी येतो. लेखिकेने दोघांपैकी एकालाही खलपुरुषाची भूमिका दिलेली नाही. सुधारणा हवी, आणि तिची किंमत ज्यांना द्यावी लागते त्यांचीही कणव हवी, ही तिची पुढील सर्व लेखनातील दृष्टी ह्या पहिल्या पुस्तकातच दिसून येते. पुढल्या वर्षी, म्हणजे 1924 मध्ये, ‘द क्राउडेड स्ट्रीट’ ही कादंबरी आली. लग्न होईपर्यंत वाट पाहत बसणे हेच जिचे जीवितकार्य ठरविले गेले आहे अशा मध्यमवर्गीय मुलीची ती कहाणी आहे. नायिका म्यूरिएल अखेरीस घर सोडून लंडनला जाते व काम पत्करते. तिच्या त्या स्वातंत्र्याला कादंबरी विवाहाची जोड देत नाही. त्या काळच्या वाचकाला ही गोष्ट पुरेशी धीट वाटली असेल.

परंतु कादंबऱ्यांवर पोट भरत नसे. विनिफ्रेडने काही काळ शिकवण्या केल्या, राष्ट्रसंघाच्या प्रचारासाठी गावोगाव व्याख्याने दिली, आणि मिळेल त्या नियतकालिकासाठी लिहिले. ह्याच काळात तिचा ‘टाइम अँड टाइड’ ह्या साप्ताहिकाशी संबंध आला. लेडी ऱ्हॉन्डा ह्या धनाढ्य व करारी बाईंनी हे पत्र 1920 साली सुरू केले होते. 1915 मध्ये ‘लुसिटेनिया’ बोट बुडाली त्या अपघातातून वाचलेल्या उतारूंपैकी त्या एक होत. स्त्रियांनी चालविलेले, परंतु केवळ स्त्रियांसाठी नसलेले, राजकारण व साहित्य ह्यांची स्वतंत्र चर्चा करणारे पत्र असे त्याचे स्वरूप होते. 1926 साली विनिफ्रेडला त्याच्या संचालकमंडळावर घेण्यात आले. तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती. ह्याखेरीज ‘मँचेस्टर गार्डियन’, ‘न्यूज क्रॉनिकल’, ‘यॉर्कशर पोस्ट’ ह्या वृत्तपत्रांतून आणि शिक्षिकांसाठी निघणाऱ्या ‘द स्कूलमिस्ट्रेस’ ह्या साप्ताहिकातूनही ती लिहीत असे.

ह्या लेखनाची पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे. 1918 च्या कायद्याने इंग्लंडातील स्त्रियांना मताधिकार मिळाला खरा, पण तो तीस वर्षांवरील आणि मिळकतीची विशिष्ट अट पुरी करणाऱ्या स्त्रियांपुरता होता. पुरुषांप्रमाणेच एकविसाव्या वर्षी मत देण्याचा हक्क त्यांना 1928 पर्यंत लाभला नाही. शिक्षिकेने विवाह केला की अनेक ठिकाणी तिची नोकरी सुटे. एकाच कामासाठी स्त्रीला पुरुषाहून कमी वेतन देण्यात कोणालाच गैर वाटत नसे. महायुद्धात लाखो तरुण कामी आल्यामुळे ज्यांची लग्ने होणे शक्य नव्हते अशा स्त्रियांना वृत्तपत्रे सरळ ‘जादा स्त्रिया’ असे संबोधीत. विनिफ्रेड स्वतः अविवाहित होती. त्यामुळे ह्या शब्दातील अपमान तिला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. समाजाला उपयोगी पडणारे, मनापासून आवडणारे काम जिच्या हाती आहे ती स्त्री अपुरी कशी, असा तिचा साधा सवाल असे. तो ती कधी आकडे देऊन, कधी थट्टेने, परंतु नेहमी प्रसन्न भाषेत विचारीत असे. रागावलेल्या लेखकाला त्याच्या मताचे लोकच वाचतात, हसविणाऱ्या लेखकाला विरोधकही वाचतात, हे वृत्तपत्रीय लेखनातील रहस्य तिला नेमके उमगलेले होते. ज्या दिवशी स्त्रीपुरुषांना समान न्याय मिळेल त्या दिवशी आपण स्त्रियांच्या प्रश्नाविषयी बोलणे थांबवू आणि शांतता, साहित्य, वर्णभेद ह्या आपल्या आवडीच्या विषयांकडे वळू, अशी तिची भूमिका होती.

वर्णभेदाचा विषय तिच्या जीवनात आला तो 1926 साली. राष्ट्रसंघाविषयी व्याख्याने देण्यासाठी ती त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत गेली आणि सुमारे सहा महिने तेथे हिंडली. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाची कहाणी भारतीय श्रोत्यांना नव्याने सांगावयास नको. तेथील हिंदी लोकांचा लढा गांधीजींनी विनिफ्रेडच्या ह्या प्रवासापूर्वी बारा वर्षे, 1914 पर्यंत, चालविला होता. विनिफ्रेड गेली तेव्हा गोऱ्यांच्या सभांतून तिने शांततेची व आंतरराष्ट्रीय सहकार्याची भाषणे केली, आणि त्याच गोऱ्या श्रोत्यांच्या घरी व कारखान्यांत काळ्या माणसाला मिळणारी वागणूकही पाहिली. स्त्रियांना नालायक ठरविण्यासाठी इंग्लंडात जी कारणे सांगितली जात तीच येथे आफ्रिकी माणसाविषयी सांगितली जातात, हे तिच्या ध्यानात आले. क्लेमंट्स काडाली ह्या नेत्याने 1919 मध्ये केपटाउन येथे स्थापिलेल्या आफ्रिकी कामगारांच्या संघटनेशी तिचा परिचय झाला. ह्या संघटनेला अनुभवी कार्यकर्त्याचे मार्गदर्शन हवे होते. इंग्लंडला परतल्यावर विनिफ्रेडने त्यासाठी खटपट केली, आणि 1928 साली विल्यम बॅलिंजर हा स्कॉटिश कामगार पुढारी दक्षिण आफ्रिकेस गेला.

ती संघटना थोड्याच काळात फाटाफुटीने मोडकळीस आली. परंतु बॅलिंजर तेथेच राहिला, आणि त्याच्या कार्याला लागणाऱ्या पैशांचा मोठा भार विनिफ्रेडने वाहिला. ह्यासाठी तिच्यापाशी वडिलार्जित संपत्ती नव्हती. होती ती फक्त लेखणी. लेख लिहावयाचा, त्याचा मोबदला घ्यावयाचा, आणि त्यातला वाटा आफ्रिकेस पाठवावयाचा, असा क्रम अखेरपर्यंत चालला. तिच्या स्तंभलेखनाचा हा हिशेब साहित्याच्या इतिहासात सहसा मांडला जात नाही. कादंबरीचे एखादे प्रकरण बाजूस सारून ती परीक्षण लिहावयास बसे तेव्हा त्यामागे कीर्तीचा लोभ क्वचितच असे. पुष्कळदा हजारो मैलांवरील कोणाचे तरी घरभाडे त्यावर अवलंबून असे.

घरीही तिच्या वेळेवर इतरांचाच हक्क अधिक होता. 1925 साली व्हेराने जॉर्ज कॅटलिन ह्या राज्यशास्त्रज्ञाशी विवाह केला. कॅटलिन अमेरिकेत अध्यापन करीत असत आणि वर्षाचा काही काळच इंग्लंडात राहत. व्हेराला लेखनासाठी लंडन सोडावयाचे नव्हते. अखेर विनिफ्रेड ह्या कुटुंबातच राहू लागली. व्हेराची मुले, 1927 साली जन्मलेला जॉन आणि 1930 साली जन्मलेली शर्ली, ह्यांना ती मावशीहूनही जवळची होती. ही शर्ली म्हणजेच पुढे ब्रिटिश राजकारणात मंत्रिपदापर्यंत चढलेल्या शर्ली विल्यम्स. त्यांचे निधन 2021 मध्ये झाले. व्हेराचे ‘टेस्टामेंट ऑफ यूथ’ हे आत्मचरित्र 1933 साली प्रसिद्ध झाले व गाजले. ते लिहिले जात असता घरातील कित्येक जबाबदाऱ्या विनिफ्रेडने आनंदाने उचलल्या होत्या. लोक तिच्याकडे सतत येत. कोणाला प्रस्तावना हवी असे, कोणाला नोकरी, कोणाला नुसते मन मोकळे करावयाचे असे. नाही म्हणणे तिला साधत नसे, आणि ह्याबद्दल ती स्वतःचीच थट्टा करीत असे.

अशा गर्दीतूनही तिची पुस्तके निघतच होती. 1927 मध्ये ‘द लँड ऑफ ग्रीन जिंजर’ आली. हे चमत्कारिक नाव हल शहरातील एका खऱ्याखुऱ्या रस्त्याचे आहे. 1931 मध्ये ‘पुअर कॅरोलाइन’ आली. तीत चित्रपटांचे शुद्धीकरण करू पाहणाऱ्या एका वृद्ध, निर्धन, हास्यास्पद आणि तरीही आदरणीय अशा बाईचे चित्र आहे. 1932 साली तिने व्हर्जिनिया वूल्फ ह्यांच्या कादंबऱ्यांवर एक विवेचक ग्रंथ लिहिला. वूल्फ ह्यांच्यावरील अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. स्वतःच्या वाङ्मयीन प्रकृतीहून संपूर्णपणे भिन्न असलेल्या, जवळजवळ विरुद्ध टोकाच्या लेखिकेचा अभ्यास तिने मुद्दाम निवडला होता. 1933 मधील ‘मँडोआ, मँडोआ!’ ह्या कादंबरीत एका काल्पनिक आफ्रिकी राज्यावर चाल करून जाणाऱ्या युरोपीय व्यापाराची व परोपकाराची चेष्टा आहे. 1934 साली ‘विमेन अँड अ चेंजिंग सिव्हिलिझेशन’ हे स्त्रीजीवनाच्या इतिहासाचे पुस्तक निघाले. हिटलर सत्तेवर येऊन एकच वर्ष झाले होते. स्त्रियांना पुन्हा चुलीमुलांकडे पाठविणारी राजवट आणि वंशद्वेष पसरविणारी राजवट ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, हे तिने त्याच वेळी निःसंदिग्धपणे सांगितले.

ही सर्व पुस्तके वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. 1931 च्या अखेरीस विनिफ्रेडची प्रकृती ढासळली होती. प्रथम अतिश्रमाचा परिणाम म्हणून उपचार झाले, पण रोग निराळाच निघाला. मूत्रपिंडाचा तो विकार त्या काळी ‘ब्राइट रोग’ ह्या नावाने ओळखला जाई आणि त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. फार तर दोन वर्षे मिळतील असे डॉक्टरांनी तिला सांगितले. तेव्हा ती तेहतीस-चौतीस वर्षांची होती. विश्रांतीसाठी बकिंगहॅमशरमधील एका खेड्यात राहत असता, एका गारठ्याच्या दिवशी ती खिन्न मनाने फिरावयास गेली. गोठलेल्या पाण्याच्या कुंडाशी कोकरे तहानेने तोंडे लावीत होती. तिने काठीने बर्फ फोडला आणि कोकरे पाणी पिऊ लागली. त्या क्षणी आपल्या मनातील कडवटपणा एकाएकी नाहीसा झाला, असे तिने पुढे व्हेराला सांगितले. आपल्यापाशी काहीच उरले नाही असे मानणाऱ्या माणसालाही दुसऱ्यासाठी बर्फ फोडता येतो, एवढा साधा बोध तिने त्यातून घेतला. आपल्या आजाराचे गांभीर्य तिने बहुतेकांपासून, आईपासूनही, लपवून ठेवले.

आयुष्य मोजके आहे हे कळल्यावर तरी तिने पत्रकारिता सोडून द्यावयास हवी होती, असे कोणालाही वाटेल. तिने ती सोडली नाही. फरक एवढाच केला की 1934 आणि 1935 ह्या दोन वर्षांत काही आठवडे लंडनमधून पळ काढून ती विदर्नसी व हॉर्नसी ह्या पूर्व यॉर्कशरच्या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिली. तेथे नावागावाचा गाजावाजा न करता एका भाड्याच्या खोलीत तिने आपल्या शेवटच्या कादंबरीचे काम चालविले.

तिचा विषय तिच्या घरीच होता. आल्डरमन होल्टबीबाईंच्या घरी कौन्सिलच्या सभांची कागदपत्रे येत आणि काम होताच केराच्या टोपलीत पडत. विनिफ्रेड ती बाहेर काढून वाचीत असे. रस्ता कोठून न्यावा, क्षयरोग्यांचे इस्पितळ कोठे बांधावे, निराधार म्हाताऱ्याला किती मदत द्यावी, असले ते रुक्ष ठराव. ह्या प्रत्येक ठरावाच्या मागे कोणाचे तरी जगणे-मरणे, कोणाचा तरी लोभ, कोणाचे तरी स्वप्न आहे, हे तिच्या कल्पकतेने हेरले. ‘साउथ रायडिंग’ ह्या कादंबरीचे आठ भाग आहेत आणि त्यांना शीर्षके दिली आहेत ती कौन्सिलच्या समित्यांची : शिक्षण, रस्ते व पूल, शेती, सार्वजनिक आरोग्य, अनाथसाहाय्य, मनोदुर्बलता, अर्थ, घरबांधणी व नगररचना. कादंबरीची अशी रचना तोपर्यंत क्वचितच कोणी कल्पिली असेल.

सेरा बर्टन ही एका लोहाराची मुलगी, कष्टाने शिकलेली, किप्लिंग्टन गावच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून येते. जुन्या जमीनदारीचा प्रतिनिधी रॉबर्ट कार्न हा प्रत्येक खर्चिक सुधारणेला विरोध करतो. त्याची पत्नी वेडी होऊन इस्पितळात आहे आणि तिच्या खर्चापायी त्याची शेती बुडत चालली आहे. ह्या प्रतिस्पर्ध्याच्याच प्रेमात सेरा पडते, आणि ते प्रेम सफळ होत नाही. क्षयाने पोखरलेला समाजवादी जो ॲस्टेल आहे, धर्माची भाषा बोलत जमिनीचा सौदा करणारा हगिन्स आहे, आणि सर्वांना सांभाळून घेणाऱ्या बहात्तर वर्षांच्या आल्डरमन बेडोजबाई आहेत. परंतु वाचकाच्या मनाला चटका लावते ती लिडिया हॉली. समुद्राकाठी जुन्या आगगाडीच्या डब्यात राहणाऱ्या गरीब कुटुंबातली ही मुलगी अलौकिक बुद्धीची आहे. आई बाळंतपणात दगावते, आणि धाकट्या भावंडांसाठी लिडियाला शाळा सोडावी लागते. येथे खलनायक कोणीच नाही. घरात एक स्त्री कमी झाली की एका मुलीचे शिक्षण संपते, एवढाच तो हिशेब आहे. वृत्तपत्रांतील असंख्य लेखांत विनिफ्रेडने जे आयुष्यभर मांडले होते ते ह्या एका मुलीच्या कहाणीत मूर्त झालेले दिसते. पत्रकारितेत गेलेली वर्षे फुकट गेली नव्हती, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा नको. समित्यांचे कामकाज, वेतनाचे आकडे, सामान्य स्त्रियांच्या अडचणी ह्यांची खडान्‌खडा माहिती तिला त्या रोजच्या लेखनानेच करून दिली होती.

1935 च्या उन्हाळ्यात व्हेराच्या घरावर संकटे कोसळली. तिच्या वडिलांचा मृत्यू ओढवला आणि पती जॉर्ज कॅटलिन गंभीर आजारी झाले. मरणाच्या दारी असलेल्या विनिफ्रेडने मुलांची जबाबदारी घेतली आणि त्याच धामधुमीत कादंबरीही पुरी केली. सप्टेंबरमध्ये तिला लंडनच्या एका शुश्रूषागृहात हलविण्यात आले. हॅरी पिअर्सन हा तिचा बालपणापासूनचा मित्र. युद्धाने घायाळ झालेला, मनाने अस्थिर असा हा माणूस अनेक वर्षे तिच्या जीवनात येत-जात राहिला होता. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्याने तिला लग्नाची मागणी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची प्राणज्योत मालवली. रडस्टनच्या चर्चच्या भूमीत तिचे दफन झाले. आयुष्य असेपर्यंत काम मिळावे आणि काम होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशा आशयाची प्रार्थना तिच्या समाधीवर कोरलेली आहे.

कादंबरीपुढे मात्र आणखी एक अडचण उभी राहिली. बेडोजबाईंच्या व्यक्तिचित्रात आपलेच प्रतिबिंब लोक पाहतील आणि कौन्सिलमधील सहकारी दुखावले जातील, ह्या भीतीने होल्टबीबाई पुस्तक प्रसिद्ध होऊ देण्यास नाखूष होत्या. विनिफ्रेडने ह्याची कल्पना असल्यामुळेच जणू, आईला उद्देशून एक पत्र लिहून ते ग्रंथारंभी जोडले होते. गरिबी, रोग आणि अज्ञान ह्यांच्याशी माणसांनी एकत्र येऊन दिलेली लढाई म्हणून स्थानिक स्वराज्याकडे आपण पाहतो, असा त्याचा आशय होता. वाङ्मयीन व्यवस्थेचे अधिकार व्हेराकडे होते आणि तिने निर्धाराने पुस्तक छापविले. ते निघाल्यावर होल्टबीबाईंनी कौन्सिलच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला. मातेच्या ह्या दुःखाला हसण्याचे कारण नाही. ज्या टोपलीतले कागद मुलीने उचलले ती टोपली एका प्रामाणिक लोकसेविकेची होती, आणि कागदांमागील माणसे तिच्या रोजच्या ओळखीची होती.

‘साउथ रायडिंग’ला 1936 सालचे जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक मिळाले. 1938 मध्ये तिच्यावरून चित्रपट निघाला, 1974 व 2011 साली ती दूरचित्रवाणीवर आली. पुस्तकाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा, लेखिकेच्या इच्छेप्रमाणे, सॉमरव्हिल कॉलेजातील शिष्यवृत्तीकडे गेला. आयुष्यात थोडा काळ दुसरे काम करून मग शिकावयास येणाऱ्या स्त्रियांचा विचार तिच्या मनात होता. जोहान्सबर्गमधील आफ्रिकी वस्तीत तिच्या स्मरणार्थ एक ग्रंथालय उघडण्यात आले. बॅलिंजर पुढे दक्षिण आफ्रिकेच्या सेनेटमध्ये आफ्रिकी जनतेचा प्रतिनिधी म्हणून बसला. यॉर्कशरचे जुने रायडिंग-विभाग आणि इंग्लंडातील काउंट्यांमधील आल्डरमनची पदे 1974 च्या पुनर्रचनेत नाहीशी झाली, परंतु विनिफ्रेडने कल्पिलेले चौथे रायडिंग तिच्या पानांत टिकून राहिले. लंडनच्या विरागो प्रकाशनाने 1980 नंतरच्या काळात तिच्या जुन्या कादंबऱ्या पुन्हा छापल्या आणि तिला नव्या पिढीचे वाचक मिळाले.

व्हेरा ब्रिटनने 1940 साली ‘टेस्टामेंट ऑफ फ्रेंडशिप’ हे विनिफ्रेडचे चरित्र लिहिले. दोन पुरुषांच्या मैत्रीची गाथा गाण्याची परंपरा जुनी आहे, दोन स्त्रियांच्या मैत्रीला तसा मान मिळालेला नाही, ही खंत त्या ग्रंथामागे होती. हीच व्हेरा डिसेंबर 1949 मध्ये जागतिक शांततावादी परिषदेची प्रतिनिधी म्हणून भारतात आली. ह्या परिषदेच्या बैठका शांतिनिकेतन येथे आणि वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथे भरल्या होत्या. ‘सर्च आफ्टर सनराइज’ हे 1951 मधील तिचे पुस्तक त्या प्रवासाचे फळ होय. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या शांततेच्या प्रचारासाठी दोघी मैत्रिणी इंग्लंडच्या गावोगावच्या सभागृहांतून बोलत असत, त्याच कार्याने त्यांपैकी एकीला बापूंच्या आश्रमापर्यंत आणले.

विनिफ्रेडने आपले आयुष्य चुकीच्या कामात उधळले, पत्रकारितेने एक मोठी कादंबरीकर्त्री गिळली, असे म्हणणारे टीकाकार तिच्या मागे होतेच. तिने वृत्तपत्रांचा मोह टाळला असता तर आणखी दोन-तीन मोठ्या कादंबऱ्या झाल्या असत्या, हे खरेही असेल. पण त्या कादंबऱ्या ‘साउथ रायडिंग’ झाल्या असत्या काय, हा प्रश्न उरतोच. जिने दर आठवड्याला लोकांच्या अडचणींसाठी लेखणी झिजविली तिलाच कौन्सिलच्या ठरावामागचा लिडियाचा हुंदका ऐकू आला. दोन निष्ठांपैकी एकीची निवड तिला अखेरपर्यंत करता आली नाही. शेवटच्या पुस्तकात त्या दोन्ही एका जागी आल्या, आणि ते पुस्तक पुरे करण्याइतका वेळ तिला मिळाला.